वऱ्हाडातील चर्चच्या वह्या : एका ओळीत उरलेली घराणी

वऱ्हाडात जातीचा दाखला काढावयाचा असो, वारसाची नोंद लावावयाची असो किंवा आजोबांच्या जन्माचा पुरावा शोधावयाचा असो, ‘कोतवाल बुकाची नक्कल’ हे शब्द हमखास कानावर पडतात. गावात कोण जन्मले, कोण वारले, त्याची जात कोणती, याची जुनी नोंद त्या पुस्तकात सापडते. दर्यापूरच्या तहसील कार्यालयात कामासाठी येणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र याच प्रदेशात त्याच काळात आणखी एक नोंद होत होती. ती चर्चच्या वह्यांत होत असे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या या वह्यांत वऱ्हाडातील अनेक ख्रिस्ती घराण्यांचा आरंभ लिहिलेला आहे आणि काही घराण्यांच्या बाबतीत तर त्यापलीकडे दुसरा कोणताही कागद नाही.

ख्रिस्ती वारसा म्हटला की दगडी इमारत, उंच मनोरा, रंगीत काचांच्या खिडक्या असे चित्र मनात येते. मुंबई, पुणे किंवा नागपूर येथे ते खरेही आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातील कापूस-ज्वारीच्या गावांत या वारशाचे स्वरूप निराळे आहे. येथे चर्च साधे, मंडळी लहान आणि इतिहास कागदावर आहे. तो कागद कसा निर्माण झाला, त्यात काय लिहिले गेले आणि आज तो का जपावयाचा, हे समजून घेतल्याखेरीज वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास उलगडत नाही.

छावणीबरोबर आलेले चर्च

वऱ्हाड 1853 च्या तहाने हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यामागचे कारण लष्करी खर्चाचे होते. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या पगाराची थकबाकी निजामावर साचली होती आणि तिच्या वसुलीसाठी व पुढील खर्चासाठी हा सुपीक मुलूख तोडून देण्यात आला. या फौजेची एक छावणी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे परतवाड्याच्या बाजूस होती. इंग्रज अधिकारी आले, त्यांची कुटुंबे आली आणि त्यांच्यामागोमाग इंग्लंडचे अधिकृत चर्च, म्हणजे अँग्लिकन चर्च, आले.

हे चर्च आणि मिशन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. अँग्लिकन चॅप्लेन हा सरकारी पगारावर नेमलेला धर्मगुरू असे. छावणीतील व सिव्हिल लाइन्समधील युरोपियन व अँग्लो-इंडियन ख्रिस्ती लोकांची उपासना चालवणे, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देणे, विवाह लावणे आणि मृतांचे दफन करणे हे त्याचे मुख्य काम. लहान ठाण्यांत कायमचा धर्मगुरू परवडत नसे. तेथे मोठ्या ठाण्यातील चॅप्लेन ठरावीक काळाने फेरी करी. मिशनरी मात्र सरकारी नोकर नव्हता. तो परदेशातील एखाद्या मंडळीच्या देणगीवर जगे आणि त्याचे काम येथील लोकांमध्ये असे. गावातील माणसाच्या नजरेला दोघेही ‘गोरे पाद्री’ दिसत. पण त्यांचे मालक निराळे, उद्देश निराळे आणि पुष्कळदा मतेही निराळी होती.

त्या काळी दर्यापूर तालुका एलिचपूर जिल्ह्यात मोडत असे. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून तो अमरावतीत विलीन करण्यात आला. जुनी नोंद शोधणाऱ्या माणसाला ही गोष्ट उपयोगी पडते, कारण त्यापूर्वीच्या कागदांत दर्यापूरचे गाव ‘एलिचपूर जिल्हा’ या नावाखाली येते. त्याआधी दोन वर्षे, 1903 मध्ये, अँग्लिकन चर्चने नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला. आयर्लंडमधून आलेले आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप. 1926 पर्यंत ते या पदावर होते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील ऑल सेंट्स चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान मिळाला. वऱ्हाडही याच धर्मप्रांतात आला.

तीन वह्या, अनेक रकाने

अँग्लिकन परंपरेत कागदाला मोठे महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चने जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवण्याची पद्धत सोळाव्या शतकापासून चालत आली होती आणि 1812 च्या कायद्याने छापील रकान्यांच्या वह्या सक्तीच्या केल्या होत्या. तीच सवय चॅप्लेनांनी हिंदुस्थानात आणली.

बाप्तिस्म्याच्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख, मुलाची जन्मतारीख, ठेवलेले नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूची सही असे रकाने असत. विवाहाच्या वहीत वधूवरांची वये, ते अविवाहित होते की विधुर वा विधवा, त्यांचा व्यवसाय, वडिलांची नावे आणि साक्षीदारांच्या सह्या असत. विवाह चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी जाहीर घोषणा करून झाला की विशेष परवान्याने झाला, हेही लिहिले जाई. दफनाच्या वहीत मृताचे वय, मृत्यूची व दफनाची तारीख आणि बहुधा मृत्यूचे कारणही सापडते. पटकी, ताप, उष्माघात, बाळंतपण हे शब्द अशा वहीच्या पानांवर पुन्हा पुन्हा येतात. त्या काळातील आरोग्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला याहून थेट साधन क्वचितच मिळेल.

याशिवाय उपासनेची एक वही असे. तिच्यात प्रत्येक रविवारचे चर्चच्या पंचांगातील नाव, प्रवचन करणारा, प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या आणि जमा झालेले दान लिहिले जाई. अँग्लिकन चर्चचे वर्ष नाताळच्या आधीच्या आगमनकाळापासून सुरू होते आणि उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, पेन्टेकॉस्ट अशा टप्प्यांनी पुढे जाते. वऱ्हाडात आगमनकाळ कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत येतो, तर ईस्टर उन्हाळ्याच्या तोंडावर. शेतीचा हंगाम, रोगराई आणि स्थलांतर यांचा मंडळीच्या उपस्थितीवर काय परिणाम होत असे, हे अशा वहीच्या रकान्यांतून कळू शकते.

या नोंदींच्या प्रती वर पाठवल्या जात. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला लंडनला जमा होत. आज त्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यामुळे एलिचपुरात दफन झालेल्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा पणतू लंडनमध्ये बसून आपल्या पूर्वजाचा शोध घेऊ शकतो. येथील ख्रिस्ती शेतमजुराच्या पणतूला मात्र ही सोय बहुधा नाही. लंडनला गेलेल्या नकलांत मुख्यतः युरोपियन व अँग्लो-इंडियन नावे आहेत. स्थानिक मंडळ्यांच्या वह्या येथेच राहिल्या आणि त्यांची बहुतांश दुसरी प्रत झाली नाही.

अमेरिकेतून आलेली दुसरी धारा

वऱ्हाडातील स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र मुख्यतः अँग्लिकन चॅप्लेनांमुळे उभा राहिला नाही. पूर्वेला नागपुरात स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप 1845 पासून काम करीत होते. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. ते अँग्लिकन कुटुंबातलेच. वऱ्हाडात मात्र 1870 च्या दशकात काही अमेरिकन मिशनरी स्वतंत्रपणे आले. आल्बर्ट नॉर्टन यांनी एलिचपूरच्या बाजूस कोरकू लोकांमध्ये काम सुरू केले. त्याच सुमारास आलेल्या जेनी फ्रो या पुढे मार्कस फुलर यांच्याशी विवाह करून अकोल्यात स्थिरावल्या. 1887 मध्ये अमेरिकेत ए. बी. सिम्प्सन यांनी स्थापन केलेल्या चळवळीतून जे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ उभे राहिले, त्याच्या पश्चिम हिंदुस्थानातील कामाचे अकोला हे प्रमुख केंद्र झाले. अमरावती व खामगाव ही त्याची आणखी ठाणी.

जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर लिहिलेले पुस्तक 1900 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. त्याच वर्षी जेनीबाईंचे निधन झाले. अकोल्यात बसून लिहिणाऱ्या एका मिशनरी स्त्रीचा आणि केडगावच्या रमाबाईंचा हा संबंध वऱ्हाडच्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही.

अँग्लिकन आणि अलायन्स या दोन परंपरांत एक मूलभूत फरक होता आणि तो थेट वह्यांत उतरला. अँग्लिकन चर्च तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देते. मूल मोठे झाल्यावर बिशप त्याचे दृढीकरण करतो. अलायन्सच्या मते बाप्तिस्मा हा समजत्या वयात, स्वतः विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडून घ्यावयाचा असतो. बालकाचे केवळ समर्पण केले जाते. परिणामी अँग्लिकन वहीतील बाप्तिस्म्याची नोंद ही जवळपास जन्माची नोंद ठरते. अलायन्सच्या मंडळीतील नोंद मात्र पंधरा, वीस किंवा चाळीस वर्षांच्या माणसाची असू शकते. तीवरून जन्मसाल काढू पाहणारा माणूस सहज चकतो. धर्मशास्त्रातील मतभेद कागदपत्रांत कसा फरक पाडतो, याचे हे साधे उदाहरण होय.

दुष्काळाने घडवलेली मंडळी

वऱ्हाडातील मिशनच्या इतिहासात सर्वांत खोल खूण आहे ती दोन दुष्काळांची. 1896-97 चा दुष्काळ सरतो न सरतो तोच 1899-1900 चा त्याहून भीषण दुष्काळ आला. 1891 च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 28 लाख 97 हजार होती. 1901 मध्ये ती सुमारे 27 लाख 54 हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ तर झाली नाहीच, उलट जवळपास दीड लाख माणसे कमी भरली. एरवी कापसाच्या पैशावर उभा असलेला हा मुलूख धान्याच्या टंचाईपुढे आडवा झाला.

सरकारी दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत पोरकी मुले जमली. दुष्काळ संपल्यावर त्यांचे करायचे काय, हा प्रश्न होता. नातेवाईक किंवा जातभाई पुढे आले तर मूल त्यांच्या हवाली करावे आणि कोणीच आले नाही तर अनाथालयाकडे द्यावे, असे धोरण होते. अनाथालये चालविणाऱ्यांत मिशन सर्वांत पुढे होते. अलायन्सने मुलांसाठी अकोल्यात आणि मुलींसाठी खामगावात अनाथालये चालवली. नॉर्टन यांनी दौंड येथे मुलांचे अनाथालय काढले. रमाबाई स्वतः 1896-97 मध्ये मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली आपल्या छत्राखाली घेऊन गेल्या.

या कामाबद्दल त्या काळीही दोन मते होती आणि ती समजून घ्यावयास हवीत. मुले वाचली, शिकली, सुतारकाम-विणकाम-शिवणकाम शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली, ही एक बाजू. भुकेल्या मुलाच्या धर्माचा निर्णय दुसऱ्याने करावा काय, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. लाला लजपतराय यांनी मध्य प्रांतातील अनाथ मुलांसाठी आर्य समाजातर्फे मदतकार्य केले आणि 1901 च्या दुष्काळ आयोगापुढे साक्ष देताना अनाथ मुले मिशनच्या हाती जाण्याविषयी हरकत नोंदवली. हा वाद खरा होता आणि तो केवळ द्वेषातून उपजलेला नव्हता. पण दोन्ही बाजू मुलांविषयी बोलत होत्या. मुलांचे स्वतःचे म्हणणे कोणी लिहून ठेवले नाही.

त्यांच्याविषयी उरली ती एक ओळ. अनाथालयाच्या आणि बाप्तिस्म्याच्या वहीत अशा मुलाचे नाव, अंदाजाने लिहिलेले वय, ठाऊक असेल तर गाव व जात आणि बाप्तिस्म्याची तारीख एवढेच येऊ शकत होते. वडिलांच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच राहणार, कारण ते सांगणारे कोणी नव्हते. गावाचे नाव मुलाने उच्चारले तसे आणि लिहिणाऱ्या परदेशी माणसाच्या कानाला वाटले तसे उतरणार. आज चौथ्या-पाचव्या पिढीत असलेल्या एखाद्या कुटुंबाला आपले मूळ गाव पूर्णाकाठचे की मेळघाटच्या पायथ्याचे, हे सांगणारा दुवा केवळ त्या ओळीत आहे. ती ओळ वाळवीने खाल्ली तर ते घराणे 1900 च्या मागे जाऊ शकत नाही.

नाव असलेले आणि नसलेले

याच काळात महाराष्ट्रातील काही धर्मांतरे गाजली. निळकंठशास्त्री गोरे 1848 मध्ये ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले आणि पुढे अँग्लिकन धर्मगुरू बनले. त्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंच्या विचारांवर प्रभाव पडला. रमाबाईंचा व त्यांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने झाला. पण बिशपांच्या अधिकारापुढे स्वतःची बुद्धी गहाण टाकणे रमाबाईंना मान्य नव्हते. त्यांची तेथील अँग्लिकन सिस्टरांशी झालेली पत्रापत्री या मतभेदाची साक्ष देते. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनामुळे बायबलकडे वळले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने ती सारी कथा मराठी साहित्यात अजरामर केली.

या सर्वांना लिहिता येत होते. त्यांची पत्रे जपली गेली, चरित्रे लिहिली गेली, जयंत्या साजऱ्या झाल्या. अकोल्याच्या किंवा खामगावच्या अनाथालयात वाढलेल्या मुलांच्या वाट्याला हे आले नाही. त्यांच्यातून पुढे शिक्षक, परिचारिका, बायबल-स्त्रिया, सुतार आणि पाळक झाले आणि वऱ्हाडातील मंडळ्या प्रत्यक्षात त्यांनीच चालविल्या. मिशनच्या अहवालांत परदेशी मिशनऱ्याचे नाव पूर्ण येते आणि देशी सेवकांची पुष्कळदा केवळ संख्या येते. त्यांची नावे पाहावयाची तर स्थानिक मंडळीची वहीच उघडावी लागते. म्हणूनच या वह्यांचे मोल चर्चच्या इमारतीहून अधिक आहे.

1970 चे एकीकरण आणि त्यानंतर

अँग्लिकन चर्च आणि सरकार यांचे नाते हळूहळू सैल झाले. 1927 च्या कायद्यानुसार 1930 मध्ये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीररीत्या स्वतंत्र झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारी खर्चाने चालणारे चॅप्लेनांचे खातेही संपले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आली. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च होते, बॅप्टिस्ट होते, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते आणि ब्रेदरन व डिसायपल्स हेही होते. उत्तर भारतातील ख्रिस्ती इतिहासातील ही मोठी घटना विदर्भाच्या राजधानीत घडली, याचा विसर आज विदर्भालाही पडलेला आहे.

या एकीकरणात बाप्तिस्म्याचा जुना वाद मोकळेपणाने सोडविण्यात आला. बालकाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती नव्या चर्चने मान्य केल्या. कुटुंबाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे निवड करावी, असे ठरले. अलायन्सच्या मंडळ्या मात्र या एकीकरणात सामील झाल्या नाहीत. रोमन कॅथलिक चर्च तर सर्वस्वी निराळे. त्याचा अमरावती धर्मप्रांत 1955 मध्ये स्थापन झाला. त्यामुळे आज दर्यापूर-अंजनगाव भागातील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला जुनी नोंद शोधावयाची असेल तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : आजोबा कोणत्या मंडळीचे होते? अँग्लिकन किंवा स्कॉटिश परंपरेचे असतील तर शोध चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीकडे व नागपूर धर्मप्रांताकडे, अलायन्सचे असतील तर अकोला, खामगाव किंवा अमरावतीच्या मंडळीकडे आणि कॅथलिक असतील तर त्यांच्या पॅरिशकडे वळतो. एका चर्चमध्ये नोंद नाही म्हणजे ती कोठेच नाही, असे मानणे चूक ठरते.

कायद्याच्या नजरेत

या वह्यांना केवळ भावनिक मोल आहे असे नाही. ख्रिस्ती विवाहांना आजही 1872 चा भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा लागू आहे. या कायद्यानुसार विवाह लावणाऱ्या धर्मगुरूने नोंदवही ठेवणे आणि तिच्या नकला वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठविणे बंधनकारक आहे. 1886 च्या जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी कायद्यात तर बाप्तिस्मा, नामकरण आणि दफन यांच्या जुन्या खासगी वह्या तपासून त्यांना पुराव्याचे स्थान देण्याची तरतूद करण्यात आली. 1969 च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंदणी देशभर एका सूत्रात आली. त्याआधीच्या काळासाठी मात्र शाळेचा दाखला, कोतवाल बुक आणि चर्चची वही हेच आधार उरतात. येथे एक सावधगिरी हवी. बाप्तिस्म्याचा दाखला बाप्तिस्मा झाल्याचा थेट पुरावा असतो. त्यातील जन्मतारीख ही आईवडिलांनी सांगितलेली असते, म्हणून तिला दुसऱ्या कागदाचा आधार जोडणे इष्ट.

जातीचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवण्यात आला. 1956 मध्ये तो शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना लागू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1956 च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर वऱ्हाडातील फार मोठा समाज बौद्ध झाला असल्याने 1990 च्या बदलाचे महत्त्व येथे घरोघरी ठाऊक आहे. दलित ख्रिस्ती मात्र त्या दर्जाबाहेरच राहिले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती कोरकूंचा जमातीचा दर्जा कायम राहतो. या सर्व ठिकाणी आजोबांची मूळ जात वा जमात कोणती होती आणि धर्मांतर केव्हा झाले, हे सिद्ध करावे लागते. चर्चच्या वहीतील एखादा रकाना अशा वेळी नातवाच्या शिक्षणाशी जोडलेला असतो.

वही कशी वाचवावी

जुन्या वह्यांचे शत्रू परिचित आहेत. पावसाळ्यातील ओल, वाळवी, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ठिसूळ होणारा कागद आणि फिकी पडणारी शाई. त्यांत माणसांच्या सवयींची भर पडते. पाळकाची बदली झाली की वह्यांची यादी करून ताबा देण्याऐवजी कपाट तसेच सोपविले जाते. जुनी पाने जीर्ण झाली म्हणून नव्या वहीत उतरवून मूळ वही टाकून दिली जाते आणि उतरवताना झालेल्या चुका मग कायमच्या होतात. कागदाला चिकटपट्टी लावणे किंवा प्लॅस्टिकमध्ये बंद करणे हेही शेवटी अपायकारकच ठरते.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रत्येक मंडळीने आपल्याकडील वह्यांची सालवार यादी करून तिची एक प्रत धर्मप्रांताकडे किंवा मध्यवर्ती समितीकडे ठेवावी. वह्या भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटाऐवजी जमिनीपासून उंच, हवा खेळत्या जागी ठेवाव्यात. प्रत्येक पानाचे स्वच्छ उजेडात, झगमगाट न पाडता छायाचित्र घ्यावे. आज हे काम भ्रमणध्वनीवरही होते. छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावी ठेवाव्यात. मूळ वही कधीही घराबाहेर देऊ नये. नक्कल मात्र मागणाऱ्याला नाकारू नये. जिवंत व्यक्तींच्या नोंदी सार्वजनिक करू नयेत. दत्तक, विधवाविवाह किंवा जात यांविषयीचे तपशील कुटुंबाच्या संमतीशिवाय छापू नयेत. दफनभूमीतील दगडांवरील अक्षरेही अशाच रीतीने टिपून ठेवली तर वही व दगड एकमेकांना आधार देतात. ब्रिटनमध्ये 1976 मध्ये स्थापन झालेली दक्षिण आशियातील दफनभूमींची संस्था युरोपियन थडग्यांच्या नोंदी अशाच तऱ्हेने करीत आली आहे. तेच काम देशी ख्रिस्ती दफनभूमींसाठी येथील महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि मंडळ्यांचे तरुण मिळून करू शकतात.

मिशनचे परदेशी गेलेले कागद आज नामवंत ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. स्कॉटिश मिशनची कागदपत्रे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, तर अँग्लिकन मिशन संस्थेचे दप्तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तेथे मिशनऱ्यांनी काय पाहिले, काय ठरवले, किती पैसा आला, हे वाचावयास मिळते. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्या माणसांची नावे मात्र वऱ्हाडातल्या कपाटांत आहेत. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी आणि दर्यापूरला थांबणारी ‘शकुंतला’ धावायची थांबली, तेव्हा सारा परिसर हळहळला. एका पोरक्या मुलाच्या नावाची ओळ पुसली जाते तेव्हा कोणाला कळतही नाही. रविवारची उपासना संपल्यावर मंडळीच्या चार माणसांनी तासभर बसून कपाटातील वह्या मोजल्या आणि त्यांची यादी केली, तरी ती ओळ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्याची सोय होईल.